स्पर्धेसाठी रोमँटिक पीस निवडताना आधी त्याचा संथ भाग वाजवून बघ

नाशिकच्याच एका अकरावीतल्या मुलीने विचारलं आहे: डिसेंबरअखेर मुंबईत पियानोची स्पर्धा आहे. रोमँटिक काळातला (साधारण एकोणिसाव्या शतकातला) एकच पीस, पाठ, आठ मिनिटांच्या आत वाजवायचा. पियानोची आठवी ग्रेड झाली आहे, हातात ऑक्टेव्ह (सा ते वरचा सा एवढं अंतर) सहज बसतो पण त्यापुढे ताण पडतो, घरी डिजिटल पियानो आहे. मनात चार पीस आहेत: शोपाँचा फँटेसी-इम्प्रॉम्प्टू, त्याचाच जी मायनर बॅलाड, ई फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न (ओपस ९, क्रमांक २) आणि लिस्टचं 'ला कांपानेल्ला'. यातला कोणता घेतला तर परीक्षकांवर छाप पडेल?

'छाप पडेल' या शब्दापाशी मी थांबले, कारण सत्तावीस वर्षं शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला आहे, आणि पहिली काही वर्षं मी त्याचं चुकीचं उत्तर देत होते. मी विद्यार्थ्याची बोटं किती पळतात ते बघायचे आणि त्या वेगाला शोभेल असा पीस द्यायचे. माझा एक विद्यार्थी, अतिशय मेहनती मुलगा, फँटेसी-इम्प्रॉम्प्टू घेऊन मुंबईला गेला. सुरुवातीची धावती पानं त्याने स्वच्छ वाजवली. मग तो संथ मधला भाग आला, जो घरी आम्ही 'सोपा' म्हणून सोडून दिला होता. समोर मोठा ग्रँड पियानो, सभागृह शांत, आणि उजव्या हातातली ती लांब चाल डाव्या हाताच्या आवाजाखाली दबून गेली. एकही सूर चुकला नाही, पण त्या दीड-दोन मिनिटांत ऐकणाऱ्यांचं लक्ष निघून गेलं, आणि पुन्हा वेगवान भाग आला तेव्हा ते परत आलं नाही. तयारी मी करून घेतली होती, त्यामुळे ती चूक माझी होती.

त्यानंतर मी पद्धत बदलली. कोणताही रोमँटिक पीस विचारात घेताना आधी त्यातला सगळ्यात संथ, सगळ्यात हळू आवाजाचा भाग वाजवून बघायचा. तो भाग तुझ्या हातून गातोय का? पेडल न घेता, फक्त बोटांनी, एका सुरातून दुसऱ्यात जाता येतंय का? नसेल, तर चार महिन्यांत तेवढं साधेल का? याचं उत्तर 'हो' आलं तरच वेगवान पानांकडे जायचं. वेग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून रोज दोन ठोके वाढवत बांधता येतो. सुराचा गोलावा तसा घाईने येत नाही. आणि परीक्षकांच्या टेबलाशी बसल्यावर कळतं की भराभर वाजवणारी मुलं दिवसभरात पुष्कळ येतात, एक ओळ शेवटपर्यंत नेऊन अलगद खाली ठेवणारी दोन-तीनच.

आता तुझे चार पीस.

बॅलाड आधी बाजूला काढू. १८३५-३६ च्या सुमाराचा हा पीस पियानोच्या सगळ्या साहित्यात मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणूनच सांगते, आत्ता नको. तो साधारण नऊ ते दहा मिनिटांचा आहे आणि तुझी मर्यादा आठची. घाईत वाजवून तो आठात कोंबणं म्हणजे त्याचा जीव घेणं. कापून वाजवायचा विचारही करू नकोस. शेवटचा 'प्रेस्टो कॉन फुओको' (आगीसारखा वेगवान भाग) सगळी ताकद संपल्यावर येतो, तो पेलायला आणखी दोन-तीन वर्षं दे. 'ला कांपानेल्ला'चंही तसंच. व्हायोलिनवादक पागानिनीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोतल्या घंटेच्या चालीवरून लिस्टने तो रचला आणि आज वाजते ती त्याची १८५१ ची आवृत्ती. उजव्या हाताच्या उड्या ऑक्टेव्हच्याही पलीकडे जातात, त्याही सतत. हात लहान असणारे उत्तम वादक तो वाजवतात, पण त्यांनी त्या उड्यांवर वर्षं घालवलेली असतात. चार महिन्यांत तुझी सगळी शक्ती सूर चुकू नयेत यातच जाईल.

नॉक्टर्नबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. नोट्स पाहिल्या तर पाचवी-सहावी ग्रेड झालेलं मूलही वाचू शकेल. पण हीच चाल पुन्हापुन्हा येते आणि दर वेळी तिच्यावर नवी सजावट चढते. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा घेऊन गायक दर आवर्तनात वेगळ्या जागा घेतो, तसं. स्वतः शोपाँने आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रतींवर या नॉक्टर्नसाठी वेगवेगळ्या हरकती लिहून दिल्याची नोंद आहे. म्हणजे प्रत्येक पुनरावृत्ती वेगळी का आहे हे तुझ्या वाजवण्यातून कळायला हवं. शिवाय हा पीस सगळ्यांच्या कानात इतका मुरला आहे की परीक्षक नकळत स्वतःच्या मनातल्या नॉक्टर्नशी तुझी तुलना करतील. तुला तो मनापासून आवडत असेल तर शिक, आयुष्यभर पुरेल, पण या स्पर्धेसाठी मी तो निवडणार नाही.

राहिला फँटेसी-इम्प्रॉम्प्टू. तुझ्या हाताला तो बसतो, ही त्याची जमेची बाजू. मोठे ताण नाहीत. शोपाँने तो १८३४ च्या सुमारास लिहिला आणि हयातीत छापला नाही. १८४९ मध्ये तो गेल्यावर त्याचा मित्र युलियान फोन्ताना याने १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. अडचण सुरुवातीच्या पानांत आहे: एका ठोक्यात उजव्या हाताचे चार सूर, डाव्याचे तीन. बरेच जण इथे गणित करत बसतात, तिसरा सूर नक्की कुठे पडतो वगैरे. त्याने हात अडखळतो. तुझ्या घरी किंवा शेजारी कुणी तबला शिकत असेल तर त्याला एका मात्रेत तीन आणि चार आळीपाळीने म्हणायला सांग: तकिट, तकिट, मग तकधिमि, तकधिमि. तू त्याच मात्रेवर टाळी दे. दोन्ही बोल वेगवेगळे पक्के झाले, फक्त ठोक्यावर एकत्र भेटले, की मधलं आपोआप जमतं. डावा हात एकटा, उजवा हात एकटा, दोन्ही इतके सवयीचे व्हायला हवेत की एकत्र आणताना विचार करावा लागू नये.

पण हे सगळं केल्यावरही मी तुला हा पीस घ्यायला सांगणार नाही, कारण त्या गटात तो वाजवणारी तू एकटी नसशील. एकाच सकाळी तो तीनदा ऐकायची पाळी माझ्यावर आली आहे. तिसऱ्या मुलीने तो बरा वाजवला होता, पण आधीचे दोन ऐकून आमचे कान थकले होते. हा तिच्यावर अन्याय होता, पण तो घडतो.

आता मी काय सुचवते ते. मेंडेल्सोनचा 'रोंडो काप्रिच्चिओसो', ओपस १४. तुझ्या यादीत तो नाही याचं मला आश्चर्य वाटलं नाही, आपल्याकडे मुलं शोपाँ आणि लिस्ट यांच्यापलीकडे फारशी बघत नाहीत. तो साडेसहा-सात मिनिटांत संपतो, म्हणजे श्वास घ्यायला जागा उरते. आधी ई मेजरमधला अँदान्ते, संथ, गाण्यासारखा, आणि मग ई मायनरमधला प्रेस्टो, हलका, टोकदार, पावसाळ्यात पागोळ्या पडाव्यात तसा. हा वेगवान भाग आधी लिहिला गेला होता, अँदान्ते मेंडेल्सोनने १८३० मध्ये जोडला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. म्हणजे ज्याला आपण 'प्रस्तावना' समजून उरकून टाकतो, तो भाग त्याला नंतर मुद्दाम हवा होता. तिथेच परीक्षकांना तुझा सूर ऐकू येतो, आणि लगेच बोटांचा हलकेपणाही. एका पीसमध्ये दोन्ही गोष्टी दाखवायला मिळतात.

तुझ्या हातासाठी त्यातली एकच जागा जड जाईल: शेवटचं पान. तिथे दोन्ही हातांचे ऑक्टेव्ह जोरात आणि वेगाने येतात. ऑक्टेव्ह तुला सहज बसतो असं तू लिहिलंस, पण सहज बसणं आणि सलग वीस वेळा बसणं यात फरक आहे. मनगट ताठ झालं की दंड दुखायला लागतो आणि आवाज कडक होतो. म्हणून हे पान पहिल्या आठवड्यापासून घे, रोज पाच-सात मिनिटं, अर्ध्या वेगाने, मध्यम आवाजात. दुखायला लागलं की त्या दिवशी तिथेच थांब. दुखणं सहन करून वाजवू नकोस. संगीतकार शूमानने तरुणपणी उजव्या हाताच्या बोटावरचा ताबा कायमचा गमावला आणि वादक होण्याचं स्वप्न सोडलं. त्या बोटाचं नेमकं कारण काय यावर आजही वाद आहे, पण बोटांवर जबरदस्ती केल्याची धास्ती मला तेव्हापासून आहे जेव्हा मी हे पहिल्यांदा वाचलं.

मेंडेल्सोन मनाला भावला नाही तर माझी दुसरी पसंती शूबर्टचा ई फ्लॅट मेजर इम्प्रॉम्प्टू, ओपस ९० मधला दुसरा, १८२७ चा. पाच मिनिटांच्या आत बसतो. उजव्या हाताच्या तिहेरी सुरांची न थांबणारी धार, मग मध्ये बी मायनरमधला ठसक्याचा भाग, आणि शेवटी असं काही घडतं जे पहिल्यांदा ऐकताना मी खुर्चीत सरसावून बसले होते: मेजरमध्ये सुरू झालेला पीस ई फ्लॅट मायनरमध्ये संपतो. प्रकाशातून सुरुवात आणि काळोखात शेवट. हे तुला जाणवलं असेल आणि तुझ्या बोटांनी ते सांगितलं, तर परीक्षकाच्या लक्षात राहशील. हाताला ताण कमी, पण सगळे सूर एका वजनाचे हवेत. अंगठा जड पडला की धार तुटते.

ब्राम्सचा जी मायनर रॅप्सडी, ओपस ७९ मधला दुसरा, फार भव्य आहे, पण त्याला खांद्यातून येणारं वजन आणि भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लागतात, तो तू पुढच्या वर्षी माझ्याकडे माग. ग्रीगचा 'ट्रोल्डहाउगेनमधला लग्नाचा दिवस' आनंदी आणि ऐकायला सुंदर, पण ऑक्टेव्ह आणि भरलेले कॉर्ड तिथेही आहेत. आणि नियमपत्रिकेत 'रोमँटिक' म्हणजे कोणती वर्षं हे आधी वाच. बेथोव्हेनचा मूनलाइट सोनाटा किंवा देबुसीचा 'क्लेअर द ल्यून' ऐकायला रोमँटिक वाटतो म्हणून कित्येक मुलं घेऊन जातात. पहिल्याला बहुतेक जण क्लासिकल काळात धरतात, दुसरा १९०५ मध्ये छापला गेला आणि त्याची जात वेगळी आहे. राखमानिनोव्हचे प्रिल्यूड काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी विसाव्या शतकात मोजतात. नियम संदिग्ध असतील तर आयोजकांना लेखी विचार.

आता लयीबद्दल, कारण रोमँटिक पीस बिघडतात ते बहुतेक इथेच. 'रुबातो' (लय किंचित मागेपुढे घेणं) म्हणजे मन मानेल तिथे थांबायचं असा समज पसरला आहे. शोपाँबद्दल त्याच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलं आहे की तो डाव्या हाताला वाद्यवृंदाचा संचालक म्हणायचा, आणि त्याच्या पियानोवर मेट्रोनोम असायचा. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. तबलजी ठेका धरून असतो, गायक त्यावर थोडा मागे राहतो, थोडा पुढे जातो, आणि समेवर दोघं भेटतात. तबलजीच डुलायला लागला तर मैफल बसते. तुझा डावा हात तो ठेका आहे. अँदान्ते वाजवताना आठवडाभर फक्त डावा हात मेट्रोनोमवर वाजव आणि उजव्या हाताची चाल तोंडाने गा. आवाज चांगला नसला तरी गा. जिथे गाताना तुला श्वास घ्यावासा वाटतो, तिथेच बोट उचलायचं असतं. शोपाँ विद्यार्थ्यांना गायक ऐकायला पाठवायचा. तू मुंबईपर्यंत जायची गरज नाही, नाशिकमध्ये कालिदास कलामंदिरात कुणी चांगलं गाणारं आलं तर जा आणि विलंबित ख्यालात सुरावर कसं थांबतात ते ऐक.

पियानो हा तुझा सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तू प्रश्नात तो ओझरता लिहिलास. डिजिटल पियानोवर पेडल दाबलं की सूर लांबतात, पण खऱ्या पियानोत सगळे डँपर (तारांचा आवाज दाबणारे तुकडे) उठतात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा गुंजतात. घरी स्वच्छ वाटणारं पेडल सभागृहात चिखल होतं. बास (डाव्या हाताचा खालचा सूर) बदलला की पेडल बदल, आणि ते सुराच्या बरोबर न बदलता किंचित नंतर बदल, म्हणजे आधीचा सूर निघून जातो आणि नवा पकडला जातो. तुझं पेडल जर चौकोनी बटणासारखं, जमिनीवर सरकणारं असेल, तर आईबाबांना सांगून एक अर्धवट दाबलेलंही ओळखणारं, जड पेडल घे. तो खर्च इथे सार्थकी लागतो.

प्रेस्टोमधले हलके, झटपट सूर ग्रँडवर सोपे जातात, कारण ग्रँडमध्ये की (बोटाने दाबायची पट्टी) पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा मारू शकते. पॅरिसच्या एरार कंपनीने १८२१ मध्ये ही दुहेरी सुटकेची रचना आणली आणि पुढचं सगळं वेगवान पियानोवादन तिच्या जोरावर उभं राहिलं. साध्या अपराइट (उभ्या) पियानोमध्ये ती सोय नसते, पट्टी बरीच वर यावी लागते. म्हणून दोन्हींची सवय हवी. नाशिकमध्ये खरे पियानो मोजके आहेत. देवळालीच्या बाजूला, जुन्या शाळांत, चर्चमध्ये, काही जुन्या कुटुंबांत. विचारायला संकोच करू नकोस. 'स्पर्धेसाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास वाजवू का?' असं विचारणाऱ्या मुलांना मी नकार मिळालेला फार क्वचित पाहिला आहे. दिवाळीनंतर हे व्हायलाच हवं. आणि तो पियानो किंचित बेसूर असेल तरी चालेल. मे महिन्याचा कोरडेपणा आणि मग पावसाळ्याची दमट हवा यात इथले पियानो सूर सोडतातच. तुला तिथे सुरांपेक्षा कीचं वजन ओळखायचं आहे.

वेळेचा हिशेब सणांवर बांध, ते तुला लक्षात राहतील. गणपतीत ढोलाच्या सरावाने संध्याकाळी काही ऐकू येणार नाही, तेव्हा पहाटे वाजव, आणि विसर्जनापर्यंत सगळ्या नोट्स दोन्ही हातांनी, संथ वेगात वाचून झाल्या पाहिजेत. बोटांचे आकडे पेन्सिलीने एकदा ठरले की बदलायचे नाहीत. नोट्स छापील, विश्वासार्ह आवृत्तीतून घे. नेटवरच्या फुकट प्रतींत संपादकांनी आपल्या मनाने घातलेले पेडल आणि स्लर (सूर जोडण्याच्या खुणा) मूळ लेखकाचे समजून बसतात मुलं. नवरात्रापर्यंत पीस पूर्ण वेगाच्या तीन चतुर्थांशावर यावा. दिवाळीच्या सुटीत पाठांतर. त्यासाठी पीसमध्ये दहा जागा ठरव, त्यांना नंबर दे, आणि आईने कुठलाही नंबर सांगितला की तिथून सुरू करता यायला हवं. स्टेजवर विसरलीस तर पुढच्या नंबरवर उडी मारता येईल. जी मुलं पीस फक्त पहिल्या सुरापासूनच वाजवू शकतात, ती अडकली की पुन्हा पहिल्या सुरापाशी जातात, आणि ते बघणं फार वेदनादायक असतं. दिवाळीनंतर दर आठवड्याला कुणापुढे तरी एकदा सलग वाजव, मध्ये न थांबता. शेजारच्या काकू, मामा, वर्गातल्या मैत्रिणी, कुणीही.

आणि निकालाचा अंदाज बांधत पीस निवडू नकोस. वॉर्सामध्ये शोपाँच्या नावाची जी मोठी स्पर्धा १९२७ पासून चालते, तिथे १९८० साली इव्हो पोगोरेलिच या तरुण वादकाला अंतिम फेरीत घेतलं नाही, तेव्हा नामवंत पियानोवादक मार्ता आर्गेरिचने परीक्षकपद सोडलं होतं. एवढ्या मोठ्या कानांचंही एकमत होत नाही.

डिसेंबरात नाशिकची थंडी तुला ठाऊकच आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून त्याच दिवशी वाजवायचा बेत असेल तर बोटं कसाऱ्यापर्यंत गार राहतील आणि झोपही अपुरी. शक्य असेल तर आदल्या रात्री मुंबईत पोच. हातमोजे घे, गरम पाण्याची पिशवी घे. स्टेजवर गेल्यावर आधी स्टुलाची उंची नीट कर, त्यासाठी घाई करू नकोस, कोणी रागावत नाही. मग अँदान्तेचे पहिले चार बार (आवर्तनासारखे छोटे भाग) मनात गा, त्याच लयीत सुरुवात कर.

या आठवड्यात मेंडेल्सोन आणि शूबर्ट दोन्हींची पहिली दोन पानं वाचून बघ, मेंडेल्सोनचं शेवटचं पानही. पुढच्या रविवारी सकाळी गंगापूर रोडला माझ्याकडे ये, ते ऑक्टेव्हचं पान वाजवून दाखव. तुझं मनगट कसं चालतं ते मला प्रत्यक्ष बघायचं आहे, मगच दोन्हींतला एक पक्का करू.